हॉलमधली लाल चौकट

नोएडाच्या आमच्या ऑफिसात हेडसेट सांभाळणं हे माझं काम. गोदामात नव्याने भरती झालेल्या लोकांना आग लागली तर काय करायचं, हे डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवून, त्यात खोटी आग दाखवून शिकवतात. मी शिकवत नाही. मी घामेजलेले फोम पुसते, बॅटऱ्या चार्ज करते, आणि "मॅडम, चक्कर आ रहा है" म्हणणाऱ्याला खुर्ची देते. यासाठी एमसीए केलं होतं का, असं कुणी विचारलं की नुसतं हसते.

हेडसेट घातला की तो आधी खोली तपासतो. टेबल, खांब, ज्याला माणूस धडकेल त्या प्रत्येक वस्तूभोवती लाल चौकट दाखवतो, आणि उरलेली जागा मोकळी असली की तसं बोलून सांगतो. एप्रिलमध्ये एका हेडसेटने रिकाम्या गालिच्याच्या मधोमध चौकट दाखवली. एका माणसाची गादी अंथरावी एवढी. मी काच पुसली, सगळं रीसेट केलं, दुसरा हेडसेट घातला. चौकट तिथेच.

माझा साहेब अनुराग म्हणाला, "लाइट का इश्यू होगा यार, छोड़ो." मीही सोडलं. शिकायला येणारे तिला वळसा घालून चालायचे, तेवढंच.

मग हेडसेट न घातलेले लोकही वळसा घालू लागले. चहावाला श्याम ट्रे घेऊन बरोबर तिथे वळायचा. खुद्द अनुराग फोनवर बोलता बोलता कडेकडेने जायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, मी तर सरळ आलो. खोटं बोलत नव्हता बिचारा.

पण यात डोकं घालायला मला सवड नव्हती. माझ्या वडिलांची, अण्णांची, बायपास झाली होती. पुण्यात ते एकटेच, म्हणून त्यांना गाझियाबादला माझ्या फ्लॅटवर आणलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, घरातल्या घरात रोज चालले तर बरे होतील, पडून राहिले तर अवघड आहे. आई गेल्यापासून मला तेवढं एकच माणूस उरलं होतं. त्यांना चालतं ठेवायचं, बाकी सगळं गेलं खड्ड्यात. अनुरागच्या मागे लागून मी घरून काम करायची परवानगी काढली. अट एकच, हेडसेट घरी नेऊन तपासायचे.

पहिल्याच दिवशी हेडसेट घातला, तर हॉलच्या मधोमध, जिथे फरशीशिवाय काही नाही, तिथे तीच चौकट.

मला भीती वाटली. हेडसेट कपाटात ठेवून दिला आणि अण्णांना काही बोलले नाही. ते बाल्कनीच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत हॉलमधून फेऱ्या मारायचे. मी भाजी निवडत बघत बसायचे. मध्यावर आले की ते कडेला सरकत, भिंतीला हात लावत आणि मग पुढे जात.

"अण्णा, सरळ चाला ना."

"सरळच चालतोय की," ते म्हणाले.

तरी त्यांच्या चेहऱ्यावर रंग येत होता. भूक लागत होती. मी मनाशी म्हटलं, वळसा तर वळसा, चालतायत ना.

एका दुपारी मला ऑफिसात जावंच लागलं. परतले तेव्हा अण्णांनी गादी आतून ओढत आणून हॉलच्या मधोमध अंथरली होती आणि ते तिच्यावर उताणे पडले होते.

एवढी जड गादी कशाला ओढलीत, म्हणून मी चिडले. ते छताकडे बघत होते.

"आत झोप लागत नव्हती. इथली जागा रिकामी झाली, म्हणून आलो."

इथे आधी कोण होतं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. हात धरून उठवायला गेले, तर उठेनात. दमलोय गं, म्हणाले.

मी कपाटातून हेडसेट काढून डोळ्यांवर चढवला. सोफ्याभोवती चौकट आली. टीव्हीच्या टेबलाभोवती आली. गादीभोवती नाही. अण्णांभोवती नाही.

"जागा मोकळी आहे," हेडसेट म्हणाला.

मी तो ओढून काढला. अण्णा होते. छाती वरखाली होत होती.

मला रडू फुटलं. त्यांना दिसू नये म्हणून मी चहा टाकायला गेले. आलं किसलं, साखर कमी घातली, दोन कप भरले आणि निघाले. डोळे भरलेले होते, आणि थकवा असा की पाय आपोआप चालत होते.

भानावर आले तेव्हा मी बाल्कनीच्या दाराशी उभी होते.

स्वयंपाकघरातून मी सरळ चालत आले होते. वाटेत गादी होती.

पायाला काहीच लागलं नव्हतं.

मागून अण्णांनी विचारलं, "माझा चहा राहिला का गं?"