न घेतलेला शॉट

माझी बायको सुमेधा तेव्हा मुलीकडे हर्नडनला गेली होती. जानेवारीतला शनिवार, इकडे आमच्या ईडन प्रेरीत सकाळपासून बर्फ भुरभुरत होता. शेजारच्या मिसेस शेनचा फोन आला. लायब्ररीत दुपारी जुना चिनी सिनेमा दाखवणार आहेत, नेशील का? त्यांचं वय चौऱ्याऐंशी, ड्रायव्हिंग कधीच सोडलेलं. मी रिटायर्ड माणूस. नेतो म्हणालो.

 गाडीत त्या खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "हा सिनेमा हाँगकाँगला बनला, तेव्हा मी तिथे होते. नायिकेच्या घरी मोलकरीण."

सिनेमाची गोष्ट जुन्या राजवटीतली. सरदाराची मुलगी आणि तिच्याच हवेलीत घोडे सांभाळणारा नोकर. नायिका झालेली मेइलिन ही स्टुडिओच्या मालकाची मुलगी, आणि नोकर झालेला वेन त्यांच्याच ड्रायव्हरचा मुलगा. शूटिंग चालू असताना दोघं खरोखरच प्रेमात पडले. पळून जायचं ठरलं. मेइलिननं वेनसाठी चिठ्ठी लिहून या मोलकरणीच्या हातात दिली.

"मी ती तिच्या वडिलांना दिली."

"का?"

"मलाही तो आवडायचा, चंद्रा."

त्यानंतर वेन कुणालाच दिसला नाही. सिनेमाचा शेवटचा शॉटही राहून गेला. त्यात नोकर येऊन दार ठोठावणार होता आणि ती उघडणार होती. त्याऐवजी बंद दाराशी वाट पाहणाऱ्या मुलीवरच सिनेमा संपवला. चिठ्ठीचं मिसेस शेननी आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मला का सांगितलं, ते मी विचारलं नाही.

हॉलमध्ये सात-आठ माणसं होती. हीटरची धग आणि ओल्या लोकरीच्या कोटांचा वास. सिनेमा संथ होता. वीस-बावीस वर्षांची मेइलिन दाराशी येऊन उभी राहिली, तशा मिसेस शेन पुटपुटल्या, "संपला."

पण संपला नाही. दारावर थाप पडली. मेइलिननं दार उघडलं.

उंबऱ्यात वेन उभा होता. केस कपाळाला चिकटलेले, बाह्यांमधून पाणी निथळत होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. गर्दीत कुणाला शोधावं तसा तो आमच्याकडे पाहत राहिला, एकेका रांगेवरून नजर फिरवत... आमच्या रांगेशी ती नजर थांबली. हॉलमध्ये साचलेल्या पाण्याचा कुजका वास आला. मिसेस शेननी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती.

दिवे लागले.

पुढच्या रांगेतली बाई कोट चढवत नवऱ्याला म्हणत होती, "निदान दार तरी उघडायला हवं होतं शेवटी."

मी मिसेस शेनकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान डोलावली. म्हणजे त्यांनीही पाहिलं होतं. चिठ्ठीचं ठाऊक असलेल्या आम्हा दोघांनीच.

परतताना त्या एकच वाक्य बोलल्या. "तिच्या वडिलांनी बुडवलं त्याला... मला आज कळलं."

घरात शिरल्यावर त्यांनी कोटही काढला नाही. मेइलिन अजून जिवंत होती, कॅलिफोर्नियातल्या एका वृद्धाश्रमात. नंबर त्यांच्याकडे कित्येक वर्षं होता. तो मी लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला.

त्या चिनीत बोलत होत्या. मला एकही शब्द कळत नव्हता, पण काय चाललंय ते कळत होतं. बोलून झाल्यावर त्या रडल्या.  मग पलीकडून एक म्हातारा, थकलेला आवाज आला. राग नव्हता त्यात. मिसेस शेन ऐकता ऐकता खुर्चीवर बसल्या.

"काय म्हणतात त्या?" मी हळूच विचारलं.

"म्हणते, मला ठाऊक आहे. तो आत्ताच आलाय. माझ्याजवळ बसलाय."

 त्या आवाजानं आणखी काहीतरी विचारलं. मिसेस शेननी झटकन माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं उत्तर दिलं.

"आता काय?"

"तो विचारतोय... तुझ्या शेजारी बसलेल्या माणसाला चिठ्ठीचं ठाऊक आहे का."

"मग?"

"मी सांगितलं, नाही. त्याला काहीच ठाऊक नाही."

तेवढ्यात फोनमधून एक पुरुष हसला. हळूच, अगदी तोंडाजवळ रिसीव्हर धरल्यासारखा. आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "बरं."