शेवटचं माप

नझीहा सकाळपासून नाही म्हणत होती.

बागेच्या कोपऱ्यात खजुराच्या झावळ्यांचं छप्पर होतं. त्याखाली डुगडुगत्या टेबलावर तिचा लॅपटॉप होता आणि शेजारी तळहाताएवढा सर्किट बोर्ड. पडद्यावर एकामागून एक प्रश्न येत होते. आवाजाची सोय हवी? नाही. कॅमेरा? नाही. छपाई? नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, जगातल्या लहानमोठ्या सगळ्या यंत्रांसाठी लिहिलेला असतो. आपल्या चिमुकल्या प्रोसेसरला पेलेल तेवढंच ठेवायचं आणि बाकीचं छाटायचं, हे तिचं काम. स्फाक्स शहरातल्या कंपनीत सहा वर्षं ती हेच करत होती आणि तिला ते मनापासून आवडे. घर आवरल्यावर मिळतं तसं समाधान त्यात होतं.

"तीन स्थळांना नाही म्हणालीस तेव्हा तुझी आई म्हणायची, पोरगी हट्टी आहे," निखाऱ्यांवर चहाची किटली ठेवत बाबा म्हणाले. "आत्ता कळलं, तो सराव चालला होता."

"बाबा, चहा द्या आणि गप्प बसा."

"चहा देतो. गप्प बसणं नफ्ता गावच्या माणसाला जमत नाही."

बाबांची बाग पाटाच्या अगदी शेपटाला होती. झऱ्यापासून निघालेला पाट एकोणीस बागांना पाणी देत खाली येई. पाळी रोज सूर्योदयाला सुरू होई आणि दुपारच्या असर नमाजाच्या सुमाराला बाबांकडे संपे. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हे सगळं लझहरकाका बघत. तळाला भोक असलेलं तांब्याचं एक भांडं ते फांदीला टांगत. भांडं रिकामं झालं की एक माप झालं. मग खजुराच्या पातीला एक गाठ. लिहिता-वाचता येत नसे, पण त्यांच्या गाठींवर कुणी बोट ठेवलं नाही. ते गेले आणि मापही गेलं. वरचे लोक पाटावरची आपापली दारं हवी तेवढा वेळ उघडी ठेवू लागले आणि शेपटाला चिखलाची धार उरली. बेचाळीस झाडांपैकी अकरा वाळली.

म्हणून नझीहा रजा काढून आली होती. प्रत्येक दारावर मोटर आणि सगळ्या मोटरींना हुकूम देणारी, त्या सर्किट बोर्डाची एकच पेटी. बागाईतदारांच्या मंडळाने पुढच्या गुरुवारपर्यंत मुदत दिली होती. प्रमुख मुक्दाद, आदरानं 'सी मुक्दाद', रोखठोक माणूस. "पेटीनं शेवटपर्यंत पाणी पोचवलं तर ठीक," ते म्हणाले होते, "नाहीतर शेपटाचं पाणी वरच्यांना वाटून टाकू. मेलेल्या झाडांना पाजण्यात काय हशील?"

शुक्रवारी तिने कर्नेलची नवी आवृत्ती घेतली. जुन्या आवृत्तीला दिलेली उत्तरं तशीच पुढे नेता येतात; यंत्र फक्त नवे प्रश्न विचारतं. ते साठेक होते. एकेक वाचून उत्तर द्यायचं असतं. पण बाबा सारण भरलेल्या गरम मतबगा रोट्या ताटात वाढून हाका मारत होते. तिने या धंद्यातले सगळे कधी ना कधी करतात तेच केलं. न वाचता एंटर दाबत सुटली, त्या उत्तरांवरून कर्नेल बांधला, म्हणजे चालण्याजोगा तयार केला, आणि त्याचं मेमरी कार्ड पेटीत घातलं.

त्या दुपारी बाबांच्या दारातून पाणी आलं ते पायाचे घोटे बुडवत. डाळिंबांच्या आळ्यांत भरलं, पुदिन्याच्या वाफ्यात शिरलं. बाबा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून लहान मुलासारखे पाण्यात उभे राहिले.

रात्री नोंदी चाळताना तिला चूक दिसली. बाबांचं दार तीन मिनिटं लवकर मिटलं होतं. ती तीन मिनिटं एक जुनं बाजूचं दार उघडलं होतं, पडक्या भिंतीआडच्या ओसाड तुकड्याचं. तिथे झाड नव्हतं, मालक नव्हता. ते दार तिने यादीत घातलंच नव्हतं. मोटर मात्र बसवली होती, एक जादा उरली म्हणून.

शोधता शोधता ती एंटर मारून उडवलेल्या प्रश्नांपाशी पोचली. त्यांत एक होता, बाकीच्यांसारखाच कोरड्या इंग्रजीत: शेवटचं माप राखायचं का? खाली एका ओळीचा सल्ला: खात्री नसेल, तर हो म्हणा. असा सल्ला कितीतरी प्रश्नांखाली असतो, त्यात नवल नव्हतं. नवल हे होतं की कर्नेलच्या हजारो फायलींमध्ये त्या नावाची एकही ओळ सापडेना. बटण होतं, त्याला तार नव्हती.

तिने नाही म्हटलं आणि कर्नेल पुन्हा बांधला.

शनिवारी सगळी दारं घड्याळाबरहुकूम उघडली. बाबांचं दार पूर्ण वेळ उघडं होतं आणि त्यातून करंगळीएवढी धार आली. रविवारी तिने पाट पायी तपासला, गळती नव्हती. लॅपटॉपवरच्या फायलीतलं उत्तर तपासलं तर ते आपोआप "हो" झालेलं. पुन्हा नाही म्हणून बांधला. सोमवारी तेच. मंगळवारी तेच. चार वेळा नाही म्हटलं आणि चारही दिवस करंगळी.

"बाबा, त्या पडक्या तुकड्याला कधी पाणी जायचं का?"

बाबांनी चहाचा पेला खाली ठेवला. "लझहर सोडायचा. पाळी संपता संपता शेवटचं एक माप तिकडे."

"कुणासाठी?"

"मीही एकदा विचारलं होतं. म्हणाला, ज्याचं कुणी नाही त्याच्यासाठी. मी म्हटलं, अरे, माझ्या वाट्यातून कशाला? तर हसला. म्हणाला, तुला कमी पडलं तर सांग." बाबांनी पेला उचलला. "कधी पडलं नाही."

"एक माप म्हणजे किती वेळ?"

"तीन मिनिटं म्हण. गाठी मोजताना गोंधळ झाला की तो दार उघडाच ठेवायचा. म्हणायचा, शंका आली तर पाणी द्यावं."

"हे तुम्ही मंडळात कुणाला सांगितलं होतं? कुठे लिहिलं होतं?"

"असलं कोण लिहितं, पोरी?"

नझीहाला पडद्यावरचा सल्ला आठवला: खात्री नसेल, तर हो म्हणा. बुधवारी तिने हो म्हटलं, सहाव्यांदा कर्नेल बांधला आणि कार्ड पेटीत घालून झाकणाला कुलूप लावलं. पाणी घोट्यापर्यंत आलं.

गुरुवारी मंडळ आलं. सी मुक्दाद काठी टेकत शेपटापर्यंत चालत गेले, पाण्यात काठी बुडवून खोली पाहिली.

"हमदा, तुझी पोरगी हुशार आहे," ते बाबांना म्हणाले.

"माझ्यावर गेली आहे."

"मग हुशार कशी?"

सगळे हसले. शेपटाचं पाणी कायम झालं. असरची बांग झाली तेव्हा नझीहा पाहुण्यांना चहा देत होती, आणि आपण किती सुखी आहोत हे तिला अगदी स्पष्ट जाणवलं.

पाहुणे गेल्यावर ती पेटीकडे गेली. कुलूप होतं तसंच होतं. कडीत खजुराची एक हिरवी पात अडकवली होती. पातीला गाठी होत्या.

बाबांची थट्टा, तिला वाटलं. तिने मोजल्या. सात.

सात कशाच्या? बागा एकोणीस, वाळलेली झाडं अकरा. मग तिच्या लक्षात आलं आणि हायसं वाटलं: नव्या आवृत्तीचा कर्नेल तिने सहा वेळा बांधला होता, सात नव्हे. शिवाय ती मोजदाद तिच्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हती.

तिने पेटी उघडली, लॅपटॉप जोडला, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं.

जागा होताना कर्नेल पहिल्या ओळीत नेहमी तेच सांगतो. आपल्याला कुणी बांधलं, कधी, कितव्यांदा.

नाव तिचंच होतं.

वेळ आजची होती, असरच्या बांगेची.

आकडा सात होता.

तिने झाकण लावलं आणि पात पुन्हा कडीत अडकवली. सहा गाठी कमीअधिक सुकल्या होत्या. सातवी अजून ओली होती.