किमान एक

जनपटाला काही विचारलं की पूर्वी उत्तर यायला चहा उकळेपर्यंतचा वेळ लागे. हर्षला टिपणीसने त्याच्या आतल्या, उत्तराची वाट शोधणाऱ्या वाटाड्याची आवराआवर केली आणि उत्तर पापणी लवायच्या आत येऊ लागलं. देशातल्या प्रत्येक माणसाचं रक्त, घर, शिक्षण, आजार, सगळं जनपटाच्या तक्त्यांत एकमेकांना जोडून ठेवलेलं होतं. लोक त्याला दवाखाना विचारत, वधूवर विचारत, हरवलेली म्हैससुद्धा विचारत. त्यामुळे हर्षलाचा पुण्याच्या जनपट केंद्रात सत्कार झाला, शाल मिळाली, आणि ती शाल कपाटात घडी न मोडता पडून राहिली.

त्याच केंद्रात एका सकाळी मिरजेचे रफीक सतारमेकर येऊन बसले. तंबोरे घडवणारा माणूस, बोलणं सावकाश. धाकटी बहीण नसरीन मिरजेच्या दवाखान्यात होती, उद्या शस्त्रक्रिया करून बाळंतपण व्हायचं होतं, आणि तिचं रक्त निघालं बॉम्बे गटाचं. हा गट साध्या तपासणीत ‘ओ’सारखा दिसतो, पण ‘ओ’चं रक्त त्याला चालत नाही. त्याला त्याच गटाचं लागतं, आणि तो गट हजारोंत एखाद्याचा. खुद्द रफीकभाईंचंही जुळलं नव्हतं. डॉक्टरांनी जनपटाला विचारलं तर तत्क्षणी उत्तर आलं : कोणी नाही.

उत्तर चुकीचं कसं असेल, असं हर्षलाने समजुतीच्या सुरात सांगून पाहिलं. रफीकभाई ऐकून घेऊन म्हणाले, “मॅडम, नाही म्हणायला पण थोडा वेळ लागतोयच की. त्यानं बघितलंय तरी का?”

तिला थोडा रागच आला. आपल्या कामावर कुणी बोट ठेवलं की येतो तसा. तरी तिने माग काढायला घेतला. माग म्हणजे वाटाड्या एखाद्या प्रश्नासाठी काय विचार करत गेला, त्याची पावलागणिक उमटलेली खूण, असं तिने सांगितलं.

“वाटाड्या म्हणजे काय हो?” रफीकभाईंनी विचारलं.

तिने लग्नाच्या मांडवाचं उदाहरण दिलं. गर्दीत सावंतवाडीचा, डावखुरा, बासरी वाजवणारा पाहुणा शोधायचाय. प्रत्येकाला ‘डावखुरे का?’ विचारत फिरणारा वेडाच. शहाणा आधी अंदाज बांधतो : बासरीवाले सगळ्यांत कमी असणार, त्यांना आधी गाठू, मग बाकीचं विचारू. उत्तर तेच, चालणं कमी. असा अंदाज बांधून सर्वांत स्वस्त वाट निवडणारा जनपटाचा मेंदू, तो वाटाड्या. तो पहिल्यांदा घडवला गावंडे सरांनी. त्यांची रचना वाचताना हर्षला कितीदा तरी हरखून गेली होती. एकेक पाऊल असं की हात जोडावेत. पण वर्षानुवर्षांच्या ठिगळांनी त्याची गोधडी झाली होती. ती तिने उसवून नीट शिवली. आवराआवरीचा नियम एकच : रचना बदलायची, वागणूक नाही.

माग पडद्यावर आला तो जेमतेम चार ओळींचा. बॉम्बे गट, त्यातले रक्तदानाला नाव दिलेले निरोगी, त्यातले अलीकडे रक्त न दिलेले, त्यातले तासाभरात मिरजेला पोचू शकणारे. वाटाड्याने अपूर्णांकाला अपूर्णांकाने गुणलं, हिशेब एकाच्या खाली उतरला, आणि पूर्णांक करताना त्याचं शून्य झालं. शून्य आलं की जायचंच नाही, हा जुना नियम. तो खरं तर रिकाम्या तक्त्यांसाठी होता. वाटाड्या जागचा हललाच नव्हता.

मग तिने जुनी रचना उघडून शेजारी ठेवली. गुणाकारानंतर तिथे एक ओळ होती : अंदाज एकापेक्षा कमी आला तर एक धरावा. आवरताना तिने ती बिनकामाची म्हणून काढली होती. चाचण्या सगळ्या पार पडल्या होत्या, कारण चाचण्यांत इतकं दुर्मीळ माणूस कुणी घातलंच नव्हतं. हे इतरांच्याही बाबतीत झालं असेल का? तिने घाईघाईने जनपटालाच विचारलं : न शोधता ‘नाही’ सांगितलेली माणसं किती? उत्तर लगेच आलं, एकही नाही. तिने सुटकेचा श्वास टाकला आणि अकोल्याला गावंडे सरांना फोन लावला.

निवृत्त गावंडे सर बागेत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रागावले मात्र नाहीत.

“शून्य हा अंदाज नसते, पोरी,” ते म्हणाले. “तो निकाल असते. निकाल द्याचा असन तं आंधी जाऊन पाहा लागते. आपल्याले माहीत नाही तवा एक जन तं हाये, असंच धराचं.”

एवढी मोठी गोष्ट या माणसाने एका ओळीत ठेवली होती, आणि वर एका शब्दाचं स्पष्टीकरण नाही. हर्षलाला त्यांचं फार कौतुक वाटलं, आणि स्वतःची तितकीच लाज.

ओळ परत घालायची तर महिनाभराची चाचणी बंधनकारक होती. नसरीनला महिना नव्हता. शिवाय ओळ आली की वाटाड्या पुन्हा प्रत्येक ‘कदाचित’साठी चालत जाणार, देशभर सगळंच मंदावणार. ज्या वेगासाठी शाल मिळाली, तो वेग न चालण्याचा होता, हे आता तिला कळत होतं. तिने वरिष्ठांना काय केलं ते कळवलं, परवानगीची वाट पाहिली नाही, आणि ओळ घातली.

या खेपेला उत्तर यायला वेळ लागला. रफीकभाई पडद्याकडे टक लावून होते. माग लांबत गेला, वाटाड्या एकेका तक्त्याचं दार ठोठावत राहिला, आणि शेवटी एक नाव आलं. कुपवाडच्या एक शिक्षिका. मिरजेपासून हाकेच्या अंतरावर.

रफीकभाईंनी डोळे पुसले. दवाखान्याला फोन झाला, बाई यायला तयार झाल्या. निघताना ते दारात थांबले.

“माझ्यासारखे अजून कितीजण आले असतील हो? नाही म्हटल्यावर गुमान घरी गेलेले?”

“मी विचारलंय मघाशी,” हर्षला म्हणाली. “एकही नाही म्हणाला. लगेच...”

ओळ परत घालायच्या आधी विचारलेलं होतं ते. ती पुन्हा खुर्चीत बसली आणि तोच प्रश्न तिने पुन्हा विचारला.

वाटाड्या निघाला. माग पडद्यावरून खाली सरकू लागला, सरकत राहिला. रफीकभाई थोडा वेळ थांबले, मग त्यांची मिरजेच्या गाडीची वेळ झाली आणि ते हळूच दार लोटून गेले. हर्षला पडद्यासमोर बसून होती. उत्तर यायला वेळ लागत होता.