चारचं रीडिंग

कोवाल्स्की नावाचा म्हातारा मेकॅनिक अडीचला येणार होता, आणि सुनेत्रा दीड वाजल्यापासूनच कोट घालून हॉलमध्ये बसली होती. तिला कुठे जायचं नव्हतं. घरात थर्मोस्टॅट पन्नास फॅरनहाइटवर, म्हणजे सेल्सिअसच्या जेमतेम दहावर होता, म्हणून कोट. पाइप गोठणार नाहीत एवढी ऊब ठेवायची आणि बाकी थंडी सोसायची, असं तिने ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे तरी काय, गेल्या चाळीस दिवसांत तिने मनापासून असं काहीच ठरवलं नव्हतं.

मेकॅनिकचा आग्रह रुपालीचा. ही तिची मुलगी, बोस्टनला कॉलेजात. रविवारी फोनवर तिने सुनावलं होतं, "आई, यू कान्ट लिव्ह लाइक धिस. आधी बॉयलर चेक करून घे. मग हीट चालू कर. प्रॉमिस मी."

सुनेत्राने प्रॉमिस केलं. वाद घालायलाही अंगात काहीतरी लागतं, ते तिच्यात उरलं नव्हतं.

अमेरिकेतल्या स्केनेक्टडी गावाच्या त्या भागातली बहुतेक घरं साठ-सत्तर वर्षांची. तळघरात बॉयलर, त्याची वाफ पाइपांतून वर येणार आणि प्रत्येक खोलीतला लोखंडी रेडिएटर तापवणार. नवं घर घ्यायचं सोडून तिच्या नवऱ्याने, हेमचंद्राने, मुद्दाम असलं घर घेतलं, तेव्हा मित्रमंडळींनी कपाळावर हात मारला होता. पण तो कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर वर्षं काढलेला इंजिनिअर, इथे टर्बाइनच्या कारखान्यात. घरात स्वतःचा बॉयलर म्हटल्यावर गडी हरखूनच गेला. पहिल्याच आठवड्यात त्याने तळघरात खिळ्याला एक वही टांगली, सुतळीला पेन्सिल बांधली आणि वीज केंद्रातल्यासारखं लॉग सुरू केलं. सकाळी सहाला एक रीडिंग, दुपारी चारला एक. आठवड्याच्या दिवशी चारचं रीडिंग सुनेत्राने घ्यायचं, सुट्टीच्या दिवशी त्याने. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, प्रेशर, शेरा. सहा वर्षांत त्याचा एकही दिवस चुकला नाही. काटा कायम दीड पौंडावर. "असा स्टेडी बॉयलर अख्ख्या गावात दाखव," असं तो जेवायला आलेल्या पाहुण्यांना ऐकवायचा, आणि पाहुणे बिचारे माना डोलवायचे.

प्रेशर किती चढू द्यायचं ते ठरवणारी एक करडी डबी बॉयलरवर होती, तिच्या डोक्यावर एक स्क्रू. "याला हात लावायचा नाही," एवढं एकच त्याने सुनेत्राला बजावलं होतं.

आणि संक्रांतीच्या दिवशी तिने हात लावला.

चौदा जानेवारी, शनिवार. तिच्याकडे हळदीकुंकू होतं. वीस जणी येणार, सगळ्या रेशमी साड्यांत, स्वेटर घालून कुणी हळदीकुंकवाला येत नाही. बाहेर शून्याच्या खाली, आणि हॉल काही केल्या तापेना. हेमचंद्र दूध आणायला गेला होता. ती खाली गेली आणि स्क्रू जाईल तितका वर फिरवला. कुकरला प्रेशर जास्त तर डाळ लवकर शिजते, मग वाफेचं घर तरी वेगळं कसं असेल, एवढाच हिशोब. वाफेच्या घराला तो लागू पडत नाही हे तिला कोण सांगणार, आणि सांगणाऱ्याला विचारायची तिला सोय नव्हती.

चार वाजता घर बायकांनी भरलेलं. हेमचंद्र त्यांच्या पायांत नको म्हणून तळघरात गेला, वहीची वेळही झालीच होती. तिळगूळ वाटताना खालून एक शिट्टी आली... लांब, चिरकी, न थांबणारी. मीनाक्षी हसून म्हणाली, "अगं सुनेत्रा, कुकर कुणी लावलाय? हेमचंद्रांनी?" सगळ्या हसल्या. सुनेत्राही हसली. शिट्टी कशाची ते तिला त्याच क्षणी कळलं होतं. पण तीन जणींना हळदीकुंकू लावायचं राहिलं होतं, मधेच उठणं बरं दिसेना. तिने त्या तिघींना लावलं, ओट्या भरल्या आणि मग ती खाली गेली.

सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला होता. तळघर वाफेने पांढरं झालेलं, आणि हेमचंद्र जमिनीवर, डोळे उघडे. हॉस्पिटलात हार्ट अटॅक म्हणाले. तिनेही सगळ्यांना तेच सांगितलं. रुपालीला, नागपूरला फोनवर दिरांना, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला. स्क्रूचं कुणाला सांगितलं नाही. शिट्टीचंही नाही.

ती रडली नाही. त्या दिवसापासून तिच्या उजव्या हाताच्या बोटांना काही कळेनासं झालं. परवा चहा सांडून टरारून फोड आला, तो फुटला तेव्हा तिच्या लक्षात आलं. डॉक्टर म्हणाले नसा ठीक आहेत, शॉक आहे, जाईल. आणखी एक गोष्ट होती, ती तिने डॉक्टरांना सांगितली नाही. रोज दुपारी चारला, बॉयलर पेटलेला असो वा नसो, हॉलमधला रेडिएटर एकदा फुसकारायचा. एकदाच, लांब. ओल्या लोखंडाचा वास यायचा. ती घाबरायची नाही. कोपऱ्यावरून चारची बस जाते, तसं ते ती धरून चालली होती.

कोवाल्स्की वेळेवर आला. सुनेत्रा त्याच्या मागोमाग जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. वही खिळ्याला होती, तिच्याकडे तिने बघायचं टाळलं. म्हाताऱ्याने टॉर्च मारला, पाणी सोडून पाहिलं, मग प्रेशरचा काटा असलेलं गेज आणि ती करडी डबी ज्या एका वळणदार नळीवर बसवलेली होती ती सोडवली. नळी त्याने जमिनीवर आपटली. काही पडलं नाही. स्क्रूड्रायव्हर खुपसला, तो आत जाईना.

"मॅम, हे बघा," तो म्हणाला. "गंजाने दगड झालाय. वाफ या नळीतून निदान दहा वर्षं पलीकडे गेलेली नाही. गेजचा काटा जिथे अडकला तिथेच बसून होता."

"आणि हा स्क्रू?" सुनेत्राने विचारलं.

"तो याच नळीवर. फिरवा, नका फिरवू, काही फरक नाही."

"पूर्ण वर केला तरी?"

"मॅम, तुटेपर्यंत फिरवा. पलीकडे कुणी ऐकतच नव्हतं. व्हॉल्व्ह एक ना एक दिवस उडणारच होता."

तिने पुन्हा विचारलं, त्यानेही न कंटाळता पुन्हा तेच सांगितलं. सुनेत्रा पायरीवर बसली. आता सुटल्यासारखं वाटायला हवं, असं तिला वाटत होतं. छातीत काहीतरी हलेल म्हणून तिने वाट पाहिली. काही हललं नाही.

म्हाताऱ्याने नवी नळी, नवं गेज, नवी डबी बसवली. साडेतीनला तो निघाला. जुनं गेज त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलं होतं. पितळी, तळहाताएवढं, काटा दीडवर. "कुणाला आठवण म्हणून लागतं," तो ओशाळून म्हणाला.

तो गेल्यावर सुनेत्रा पुन्हा खाली गेली आणि वही घेऊन आली. काटा मेलेला होता, म्हणजे त्या दिवशीच्या ओळीतही दीडच असणार. हेमचंद्राने शेवटपर्यंत दीडच पाहिला, त्याला काही कळलं नाही, आपल्यावर काही संशय आला नाही. एवढं एकदा डोळ्यांनी बघितलं की मग रडता येईल, असं तिला वाटलं. तेवढ्यासाठीच तिने वही टेबलावर उघडली.

पानांमागून पानं दीड. सहा वर्षं दीड. हेमचंद्राचं ठसठशीत अक्षर, मधूनच तिचं तिरपं. डिसेंबर दीड. तेरा जानेवारी, सकाळी दीड, दुपारी दीड. चौदा जानेवारी, सकाळी सहा, दीड.

चौदा जानेवारी, दुपारी चार. पाणी: निम्मं. प्रेशर: नऊ.

शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, "सुनेत्राला विचारणे."

ती ते बराच वेळ बघत राहिली. नळीत दगड होता. दगड तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. मग काटा नऊवर गेला कसा... त्याला कोणी सांगितलं...

हॉलमधला रेडिएटर फुसकारला. लांब. ओल्या लोखंडाचा वास स्वयंपाकघरापर्यंत आला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते.

सुनेत्राने टेबलावरच्या गेजकडे पाहिलं. काच आतून धुरकटली होती. खाली नळीला बसवायचं भोक तसंच उघडं, कशालाही न जोडलेलं. तिने गेज उजव्या हातात उचललं आणि चाळीस दिवसांत पहिल्यांदा तिच्या बोटांना चटका बसला. पितळ तापलेलं होतं. तिने अंगठ्याने काच पुसली, पण वाफ आतल्या बाजूला होती. पुसटसा काटा दिसला. नऊवर.

हात भाजत होता, तरी तिने गेज खाली ठेवलं नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"हो..." ती हळूच म्हणाली. "मीच फिरवला. हॉल तापत नव्हता... तुम्ही दूध आणायला गेला होता..."

आता काटा उतरेल म्हणून ती बघत राहिली. वाफ सुटली की काटा उतरतो, एवढं तिलाही ठाऊक होतं. स्क्रूचं सांगून झालं होतं. शिट्टीचं सांगायला तिचं तोंड उघडेना.

काटा जरासा थरथरला, आणि दहाकडे सरकू लागला.