माळढोकाचं अंडं आणि छतावरचा एसी

एसी चालू होता, वाराही येत होता, तरी घरगाडी तापतच चालली होती! असं कसं होईल? उत्पला डोकं खाजवत बसली.

घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. त्यात दोन बाकं, एक ओटा आणि मधोमध उबवणपेटी (अंड्याला आईसारखी ऊब देणारी पेटी). पेटीत माळढोकाचं एकुलतं एक अंडं होतं. त्या काळी हे पक्षी बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. उत्पलाचे आबाजी म्हणजे आजोबा, पक्षिशास्त्रज्ञ डॉ. मिलिंद खोब्रागडे, ते अंडं वरोऱ्याच्या माळावरून उबवण केंद्राकडे नेत होते. पेटीला ऊब देता यायची, गारवा देणं तिला जमत नव्हतं. बाहेर मे महिन्याचं चंद्रपुरी ऊन. गाडीच तापली, तर आतला जीव वाचणार नव्हता.

"एसी चौदा वर्षांचा आहे. गार करत नाही. निर्णय: बदला," चिमटा म्हणाला. चिमटा हा गाडीतला यंत्रमानव. त्याला फार विचार करायची सवय नव्हती. "नवा एसी ड्रोन उद्या आणेल. जुना आत्ताच काढतो."

"मागवा ना आबाजी, जुनाट तर आहे तो!" उत्पलाला नव्या वस्तूंची भारी हौस.

"अन् उद्यापर्यंत अंड्याचं काय?" आबाजी म्हणाले. "चिमट्या, तू त्याचं वय सांगून राहिला. दुखणं कुठं सांगितलं?"



आबाजींनी गाडी रस्त्याकडेला थांबवली आणि उत्पलाच्या तळव्यावर स्पिरिटचा थेंब टाकला.

"गार लागलं!"

"थेंबाची वाफ होताना त्यानं तुझ्या हाताची उष्णता उचलून नेली. एसीच्या नळीतही असाच एक द्रव असतो. तो खोलीतली उष्णता घेऊन वायू होतो. मग कॉम्प्रेसर (वायू दाबणारा पंप) त्याला दाबतो. सायकलीत हवा भरताना पंप कसा तापतो?"

"चटका बसतो!"

"तसाच हा वायू तापतो आणि छतावरच्या जाळीत जातो. तिथं बाहेरच्या हवेला उष्णता देऊन त्याचा पुन्हा द्रव होतो. एसी थंडी बनवत नाही बाई, तो उष्णतेचा हमाल आहे. आतलं ओझं उचलायचं, बाहेर टाकायचं. आता वर जाऊन पाहा, ओझं बाहेर पडून राहिलं काय?"

उत्पला शिडीवरून छतावर चढली आणि जागीच थबकली. एसीच्या खोक्याभोवती वाळ्याच्या ताट्या (सुगंधी गवताच्या मुळांचे पडदे) घट्ट बांधलेल्या होत्या. सकाळी तिनेच पाणी मारून बांधल्या होत्या! घरच्या कूलरला बाबा दर उन्हाळ्यात बांधतात, मग या बिचाऱ्यालाही गार वाटू दे, असं तिला वाटलं होतं. आता पाणी वाळून, धुळीचा लेप बसून, ताट्यांची भिंत झाली होती.

"आबाजी, मीच त्याचा श्वास कोंडला," ती रडवेली होऊन म्हणाली.

"रडू नको, ताट्या सोड. कूलर ताट्यांतून हवा आत ओढतो, त्याला त्या लागतात. याला उष्णता बाहेर फेकायला मोकळी वाट लागते. वाट बंद झाली, म्हणून कॉम्प्रेसर तापून आपणहून थांबला. आत नुसता पंखा फिरत होता."

तिने ताट्या काढल्या, मऊ ब्रशने जाळीवरची धूळ झाडली.

"पंप निवू दे," आबाजी म्हणाले. "तो सुरू झाला, तर ही दुरुस्ती पुरे. पण तोच जळला असेल, किंवा वायू गळून गेला असेल, तर मग चिमट्याचं खरं."

तिघं वाट पाहू लागले. पेटीवरचा आकडा हळूहळू चढत होता. उत्पलाला वाटलं, आपण एका पक्ष्याचा जीव घेतला.

अखेर छतावर धडधड झाली. जाळीतून गरम हवेचा झोत बाहेर पडला आणि आत गार झुळूक आली. आकडा थांबला, मग उतरू लागला.

आबाजींनी अंड्यामागे बारीक दिवा धरला. कवचाआड इवलीशी सावली होती. ती हलेना. मग सावलीने पाय झाडला.

उत्पलाचा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे जुना एसी कधीच बदलायचा नाही?" चिमट्याने विचारलं.

"बदलायचा की," डोळे पुसत उत्पला म्हणाली. "कॉम्प्रेसर गेला, नाहीतर वीज फार खाऊ लागला, की बदलायचा. आतला वायू पृथ्वीला तापवतो, म्हणून तो हवेत न सोडता टाकीत भरून घ्यायचा. पण आधी विचारायचं, तुला झालंय काय?"

आबाजींनी गाडी सुरू केली. उत्पला पेटीला टेकून बसली. हे पिल्लू मोठं होऊन माळावर धावेल, तेव्हा त्याला लपायला गवत उरलेलं असेल ना, हे तिला आता शोधून काढायचं होतं.