हनुवटीवरचा उजेड

त्या वर्षीची कुर्ना तळ्यावरची मासेमारीची स्पर्धा ओइवानं जिंकली. त्यानं एकही मासा धरला नव्हता, बर्फाला भोक पाडलं नव्हतं, गळ पिशवीतून बाहेरही काढला नव्हता. तो काठाशी शेकोटीजवळ बसून कॉफी पीत होता. तरीही पहिलं बक्षीस, म्हणजे बर्फ पोखरायचं नवं कोरं गिरमिट, एकमतानं त्यालाच दिलं गेलं. स्पर्धा भरवणारं मंडळ आता म्हणतं की त्या वर्षी स्पर्धा झालीच नव्हती. मंडळाच्या अध्यक्ष हिल्काकाकू आहेत आणि त्यांच्याशी वाद घालून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. तेव्हा आपणही स्पर्धा झाली नाही असंच धरू, आणि त्या न झालेल्या स्पर्धेच्या सकाळपासून सुरुवात करू.

एप्रिल लागला होता. आभाळ राखेसारखं, वारा पडलेला. कायसू सकाळीच तळ्यावर फिरून ठिकठिकाणी गिरमिट घालून आली होती. त्या वर्षी बर्फ तपासण्याचं काम तिच्याकडे होतं. बर्फ कोपरभर जाड निघाला. त्यावरून ट्रक न्यावा. मग तिनं काठावर उभं राहून नेहमीच्या सूचना वाचल्या: लांब लांब बसा, एकटे जाऊ नका, टोचे गळ्यात अडकवा. लोकांनी त्या चर्चमधल्या प्रवचनासारख्या ऐकल्या, म्हणजे टोप्या काढून आणि दुसऱ्याच कसल्या तरी विचारात.

टोचे म्हणजे दोन लाकडी मुठी, टोकाला खिळा, मधे दोरी. बर्फ फुटून माणूस पाण्यात गेला तर ओल्या कडेवर नुसता हात ठरत नाही. खिळे रोवून स्वतःला वर ओढून घ्यावं लागतं. कायसूचे वडील वेइयो यांनी जन्मात टोचे घातले नव्हते. ते पडणाऱ्या माणसांसाठी असतात, असं त्यांचं मत. गेल्या शरदात त्यांच्या हृदयाला नवी झडप बसवली, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गार पाण्यात एक बुडी, की संपलं. वेइयोंनी मान डोलावली आणि घरी येऊन गळांना धार लावली. बापाला अडवता येत नाही, तर निदान त्याच्याखालचा बर्फ तरी आपण मोजावा, म्हणून कायसूनं हे काम मागून घेतलं होतं.

कुर्नावर बसणाऱ्यांची एक रीत आहे. कोणी विचारलं, ‘लागतंय का?’ तर म्हणायचं, ‘नाही.’ पायाशी बादली भरून मासे बाहेर उड्या मारत असले तरी नाही. ज्याला खरोखरच काही लागत नाही तो ‘बरं चाललंय’ म्हणतो. शिवाय गळाला लावायच्या अळ्या थंडीनं मरू नयेत म्हणून जुनी माणसं त्या ओठाखाली ठेवतात, त्यामुळे लांबलचक बोलणं तसंही कोणाला परवडत नाही.

कॉफीची दुसरी फेरी झाल्यावर कायसू पाहणीला निघाली. पहिली गोष्ट तिच्या लक्षात आली ती कानांनी. एप्रिलचा बर्फ गप्प बसत नाही. तो कण्हतो, ताणलेल्या तारेसारखा वाजतो, मधेच पोटात काही पडल्यासारखा दुमदुमतो. त्या दिवशी तो गप्प होता. चूल विझवलेल्या घरासारखा.

बस चालवणारा ताइस्तो आपल्या तिपाईवर वाकून बसला होता. लागतंय का, असं तिनं विचारलं. नाही, तो म्हणाला, आणि हातमोजा पसरून त्यानं भोक झाकलं. त्यात नवल नव्हतं. नवल हे, की हातमोजा पसरण्याआधी त्याच्या हनुवटीवर खालून उजेड पडला होता. हिरवट सोनेरी, उन्हात धरलेल्या मधाच्या बाटलीसारखा. वर आभाळात तर सूर्य कुठे आहे तेही सांगता येत नव्हतं.

तिनं पुढच्याला विचारलं. नाही. त्याच्याही हनुवटीवर तोच उजेड. पुढच्या बाईच्याही. मग पहिल्या रांगेतल्या हनुवट्या एकेक करून काळवंडल्या, उत्तरेकडून दक्षिणेकडे, जणू ढगाची सावली माणसांवरून चालत जावी. थोड्या वेळानं त्याच क्रमानं त्या पुन्हा उजळल्या. पुन्हा काळवंडल्या. कोणी मान वर करत नव्हतं. कोणी शेजाऱ्याकडे बघत नव्हतं.

बर्फावरून उजेड परततो, असं कायसूनं स्वतःला सांगितलं, आणि बाजूला जाऊन गिरमिट टेकवलं. दोन वेढे दिले तोच गिरमिट आरपार गेलं आणि ती तोंडावर पडता पडता राहिली. बर्फ बोटभर होता. सकाळी याच जागी कोपरभर होता. तिनं पहार घेऊन चार पावलांवर टोला घातला. तीही एकाच टोल्यात आरपार. बोटभर बर्फावर मांजरानंसुद्धा विचार करून पाऊल टाकावं. इथे अख्खं मंडळ तिपाया, बादल्या आणि थर्मास घेऊन बसलं होतं, आणि बर्फ कुठे वाकलाही नव्हता.

आणि भोकातून पाणी वर आलं नव्हतं.

ती पालथी झोपली, वजन पसरून, शिकवल्याप्रमाणे. भोकाला डोळा लावला.

खाली खवले होते. एकेक खवला ताटाएवढा, कडेला बारीक दाते असलेला, आतून उजळलेला. ते सरकत होते, अगदी सावकाश, दक्षिणेकडे. खवल्यांच्या आणि बर्फाच्या मधे पाणी नव्हतंच. बर्फ त्यांच्यावर टेकला होता, झोपलेल्या बैलाच्या पाठीवर पोतं टाकावं तसा. मग एक काळा पट्टा आला. फाटकाशी उभं राहून मालगाडी जाऊ द्यावी तितका वेळ तो काळा पट्टा जात राहिला. मग पुन्हा सोनं.

असे पट्टे तिला ठाऊक होते. कुर्नाकाठच्या पोरांना चालायच्या आधी ते ठाऊक असतात. पर्च माशाच्या अंगावर असतात ते, काळे आणि हिरवे. तव्यावरच्या पर्चवर ते बोटाएवढे असतात.

कायसूनं टोपी काढली. का काढली ते तिला सांगता आलं नसतं. तिला वाटलं की आपण फार हळू श्वास घ्यावा, आणि तो घेतानाही आधी परवानगी विचारावी.

ती उठून बसली तेव्हा सगळ्या वाकलेल्या पाठी तिला निराळ्या दिसल्या. ज्याला त्याला तेच दिसत होतं, आपापल्या भोकाएवढं. आणि जो तो ते शेजाऱ्यापासून लपवत होता, कारण शेजाऱ्याला कळलं तर तो तिपाई घेऊन इकडे सरकेल.

मग तिच्या मनात आलं, की जे सरकतं त्याला शेवट असतो.

तिनं उत्तरेकडे पाहिलं. टोकाला बसलेल्यांच्या हनुवट्या काळ्या झाल्या होत्या आणि उजळत नव्हत्या. त्यांच्यापलीकडचा बर्फ काळपट आणि शिजलेल्या साबुदाण्यासारखा पाणीदार दिसत होता. काठ पूर्वेला होता. आणि दक्षिणेला, सगळ्यांपासून लांब, काठापासून सर्वांत दूर, तिचे वडील बसले होते.

तिनं ताइस्तोला सांगितलं, की बर्फ पातळ झालाय. तो म्हणाला, असू दे. ओरडून उपयोग नव्हता. बर्फ तपासणारं माणूस दरवर्षी ओरडतं. मग ती हिल्काकाकूंच्या कानाशी वाकली.

“काकू, कोणाला बोलू नका. ओइवाला तिथे शेकोटीपाशी काठालगत दांडगे पर्च लागतायत. मी विचारलं तर नाही म्हणतो.”

“मला काय करायचंय,” हिल्काकाकू म्हणाल्या, आणि त्यांनी तिपाई मिटली.

तेवढं पुरलं. काकूंची तिपाई मिटलेली शेजारच्यानं पाहिली, त्याची ताइस्तोनं. कोणी घाई केली नाही. एकाला पाय मोकळे करायचे होते, एकाचा पाव गाडीत राहिला होता, एकाला बायकोला फोन करायचा होता आणि तो काय तो काठावरच लागतो. खालचं नवल सोडवत नव्हतं, पण दुसऱ्याला जास्त लागतंय हे त्याहून सोसवत नव्हतं. सगळं मंडळ डुलत डुलत, एकमेकांकडे न बघता, काठाकडे निघालं.

वेइयो हलले नाहीत.

कायसू त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा तिच्या मागे भोकांच्या दोन रांगा विझल्या होत्या.

“बाबा, ऊठ.”

“लागत नाहीये काही.” त्यांचा हातमोजा भोकावर होता.

“मी पाहिलंय ते.”

मग त्यांनी हातमोजा उचलला. उजेड त्यांच्या सुरकुत्यांत शिरला आणि ते दहा वर्षांच्या पोरासारखे दिसू लागले.

“त्याचं डोकं खालून कधी पुढे गेलं ते मला कळलंच नाही,” ते म्हणाले. “मी पाव खात होतो.”

“शेपूट येतेय. ती गेली की खाली काही नाही.”

“मग शेपूट बघून उठतो.”

तिनं वाद घातला नाही. गळ्यातले टोचे काढले, त्यांच्या गळ्यात घातले, आणि शेजारी बर्फावर मांडी घालून बसली.

“हे काय आता?”

“माझ्याकडे एकच जोडी आहे.”

त्यांनी टोच्यांकडे पाहिलं. तिच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं. एक काळा पट्टा त्यांच्या तोंडावरून सरकत गेला, आणि पुन्हा उजेड आला तेव्हा तो आधीपेक्षा अरुंद होता.

“आईवर गेलीस,” ते म्हणाले, आणि एकेक गुडघा सावरत उठले.

ते चालले. पळायचं नसतं, पळालं की बर्फ थरथरतो.

मागे आवाज झाला नाही.

तडा गेला नाही, पाणी उसळलं नाही.

पायाखाली उजेड होता, तो पावलाच्या पुढे पुढे सरकत होता. मग मातीच लागली.

काठावर सगळे ओइवाभोवती गोळा झाले होते. काय लागलं, असं त्याला विचारत होते. ओइवा कप हातात धरून म्हणाला, काही नाही. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पुन्हा विचारलं. अरे, खरंच काही नाही, तो म्हणाला. तेव्हा सगळ्यांची खात्री पटली, आणि स्पर्धेचा निकाल तिथेच लागला.

त्यानंतर कोणीतरी मागे वळून पाहिलं.

तळ्यावर बर्फ नव्हता. मेच्या मध्यावर दिसावं तसं मोकळं पाणी, वाऱ्याच्या पहिल्या झुळकेनं त्यावर बारीक लाटा उठत होत्या. भोकं मात्र होती. जिथे जिथे कोणी बसलं होतं तिथे तिथे, रांगेनं, पाण्यात पाडलेली गोल भोकं. लाटा त्यांच्या कडेपर्यंत येत आणि वळसा घालून पुढे जात. हिल्काकाकूंनी ते बराच वेळ पाहिलं, आणि यंदा स्पर्धा झालेली नाही असं जाहीर केलं.

जून आला. आता रोज सकाळी तळ्यावर नावा असतात. एकेका भोकाशी एकेक नाव, आत एकेक वाकलेली पाठ, हातात गळाची वीतभर काठी, हिवाळ्यातली. वेइयोंची नाव सगळ्यांपासून लांब. कायसू वल्हवत प्रत्येकाजवळ जाते, लागतंय का विचारते, आणि सगळे नाही म्हणतात. वडीलही. हनुवट्या उजळतात, काळवंडतात, उजळतात. वारा कितीही असो, कोणतीच नाव हलत नाही, आणि एकाही नावेला नांगर टाकलेला नाही.

काठावर पाटी लावली आहे. खाली कायसूची सही आहे.

‘सर्व सभासदांस नम्र विनंती की, तळ्याच्या पाण्यात आपण पाडलेली भोकं ज्याची त्यानं बुजवून टाकावीत, व तसं बर्फ-तपासनिसांस पाणी पुन्हा गोठण्यापूर्वी कळवावं.’