बिनठिपक्याची जागा

मिस्त्रींचा सगळा भरवसा पट्टीवर. मोटारीची पुढची सीट उचलायची, खालच्या टाकीचं झाकण काढायचं, लाकडी पट्टी सरळ आत सोडायची आणि कुठवर ओली झाली ते चटकन वाचायचं. त्यामुळे मोजणीसाहेबांनी हौसेने समोरच्या फळीवर पेट्रोलचा काटा बसवून घेतला, तेव्हा त्यांच्या या ड्रायव्हरने नाक मुरडलं.

"आता सीट उचलायची कटकट नाही," साहेब म्हणाले.

"काट्याला काय कळतंय, साहेब? त्याने कधी टाकीत डोकावून पाहिलंय?"

आठवड्याभरात मिस्त्रींचंच खरं ठरलं. पट्टी सांगे एक, काटा सांगे भलतंच. त्यांनी काटा खोलला, तार तपासली, एकदा तर टाकी पार रिकामी केली. काटा आपला निम्म्यावर ठाण मांडून. वैतागून टाकी भरली आणि साहेबांना नदीपलीकडे नेऊन आणलं. दारात गाडी थांबली तेव्हा काटा बरोबर शून्यावर आला होता. टाकीत अजून चार बोटं पेट्रोल होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हा काटा पेट्रोल मोजतच नव्हता. आज गाडी किती चालणार, ते सकाळीच सांगून मोकळा होत होता.

मिस्त्रींनी काट्याभोवतीच्या पितळी कडेवर पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके दिले. पहिला स्टेशनचा, मग कचेरीचा, मग सात मैलांवरच्या इस्पितळाचा. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "उन्हात डोक्याला काहीतरी बांधत जा."

एका सकाळी काटा पहिल्या ठिपक्याच्याही अलीकडे होता. इतक्या जवळ साहेबांचं काय काम असणार? साहेबांच्या आई व्हरांड्यात चहात बिस्कीट बुडवून खात होत्या. "टायर बघ रे नीट," त्या म्हणाल्या. दुपारी त्या गेल्या. स्मशान दीड मैलावर होतं. तिथे ठिपका द्यायचा मिस्त्रींना धीर झाला नाही.

पुढे साहेब आगगाडीने परगावी गेले आणि गाडी मिस्त्रींच्या दाराशी राहिली. काटा शून्यावर पाहून त्यांना बरंच वाटलं. एकुलती एक लेक बाळंतपणाला घरी आली होती; काट्याची गोष्ट तिने आईकडून ऐकली होती. अजून महिना होता. आज निवांत तिच्याशी बोलत बसू, असं त्यांनी ठरवलं.

अकराला कळा सुरू झाल्या. बाराला सुईण बाहेर आली. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते.

"मूल आडवं आहे. हे माझ्या हातातलं नाही. इस्पितळ गाठा, नाहीतर दोघंही हाती लागणार नाहीत."

जावई घोडागाडी शोधायला धावला. मिस्त्रींनी हँडल मारलं. इंजिन गप्प. त्यांनी पट्टी बुडवली. टाकी काठोकाठ. ठिणगी पडत होती, पेट्रोल येत होतं. हँडल फिरवून फिरवून तळहात सोलून निघाले. तीस वर्षांत एकही इंजिन त्यांच्यापुढे असं अडून बसलं नव्हतं.

"चल ना गं बाई," ते बॉनेटला म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं.

"बाबा, झाली का सुरू?" आतून लेकीने विचारलं.

काटा हलला.

कुणी हात लावला नव्हता. तो हळूहळू वर सरकत होता.

"चढ," मिस्त्री पुटपुटले. "अजून चढ."

पहिल्या ठिपक्याच्या अलीकडे तो थांबला.

त्यांनी काचेवर टिचकी मारली. मग मूठ मारली. काटा तसूभरही हलला नाही.

ते पुन्हा हँडलकडे गेले. अर्ध्या फेऱ्यातच इंजिन सुरू झालं.

"झाली! आई, माझी शाल दे," आत लेक दमल्या आवाजात हसली. "सुरू झाली ना, बाबा? मग आता काळजी नाही."

"नाही, बाळा," मिस्त्री म्हणाले. मागे हादरे फार बसत, तिला पुढेच बसवावं लागणार होतं. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि काट्यावर पसरला.